कमावलंस का?

कोचला बुधवारी काढलं आणि रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफीला नेहमीच्या दुप्पट माणसं उतरली. फादर कास्पारेकना याचा अंदाज असावा. प्रवचन त्यांनी आठ मिनिटांत उरकलं होतं.

मी कोलाचीचे, म्हणजे आमच्या गोड सारणाच्या पावांचे, ट्रे मांडत होते. जर्दाळूच्या एका बाजूला, खसखशीच्या दुसऱ्या बाजूला. पहाटे चारला उठून कणीक मळली होती, त्यामुळे मनगटं दुखत होती. पण खरा थकवा मनगटांचा नव्हता. चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. दवाखान्यात तोच, पोस्टात तोच, मक्याची कापणी चाललेल्या शेतांच्या बांधावर ट्रक थांबवून लोक तोच बोलत होते. आमचं बोहुमिल एवढंसं गाव. एक चर्च, एक कॉलेज आणि कॉलेजची फुटबॉल टीम; फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा. शनिवारी टीम हरली की सोमवारी बेकरीतला पावसुद्धा नीट फुगत नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात.

"काल चौतीस-सहा," मिलो कुचेरा कॉफीची किटली हातात घेऊन फिरत होता. मिलो म्हणजे आमच्या पार्किंग लॉटचा राजा. मॅचच्या आधी सॉसेज भाजायची पहिली शेगडी गेली तीस वर्षं त्याचीच. "चौतीस-सहा! आणि नव्या कोचसाहेबांनी पोरांना पाणी भरपूर पाजलं म्हणे. दिसलंच ते. पोहत होती नुसती मैदानावर."

दोघं-चौघं हसले. हसणं फार टिकलं नाही.

"मिलो, ऑगस्टात सरावाला कोसळलेल्या त्या पोराच्या किडन्या बंद पडल्या होत्या," रीटा सोबोत्का म्हणाली. ती शाळेत नर्स होती, आता निवृत्त आहे.

"पडल्या होत्या. आता चालू आहेत ना?"

"अकरा दिवस हॉस्पिटलात होता तो."

"अगं, माझा बाप ऑगस्टात दिवसभर गवत भरायचा. कोण त्याच्यामागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होतं?"

"तुझ्या बापाच्या विहिरीला कुलूप होतं का?"

यावर मिलोनं तिच्या कपात कॉफी ओतली, जरा जास्तच, बशीत सांडेपर्यंत. "तू ना रीटा, लहानपणापासून अशीच. पहिलीत माझं नाव सिस्टरला तूच सांगितलं होतंस."

"कारण बेडूक तूच आणला होतास."

कुलपाची गोष्ट खरी होती. चौकशी समितीच्या अहवालात होती आणि कॉलेजनंही नाकारली नव्हती. सरावाच्या मैदानावर पाण्याची मोठी नारिंगी पेटी असायची, तिला साखळी आणि कुलूप. किल्ली कोच रस्कच्या पट्ट्याला. ज्या गटाची धाव कोचच्या मनासारखी झाली त्यांच्यापुरती पेटी उघडायची. उघडण्याआधी कोच प्रत्येकाला विचारायचा, "कमावलंस का?" आणि पोरानं ओरडून सांगायचं, "कमावलं!"

हे आम्हाला नवीन नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कुंपणापलीकडून ते सगळ्या गावानं ऐकलं होतं आणि उचललंही होतं. मिलो बियरचा डबा हातात देण्याआधी विचारायचा, "कमावलंस का?" आणि अख्खा पार्किंग लॉट ओरडायचा, "कमावलं!" ट्रकांच्या मागे ते चिकटवलेलं असे. शाळेतल्या बाई गृहपाठावर तोच शिक्का मारायच्या. आमच्या फ्रिजवरही त्याची एक चुंबकाची पट्टी आहे. बुधवारपासून ती काढायची म्हणते आणि राहून जातं.

मैदानात पडलेला मुलगा आमच्या घरचा होता.

आमच्या गावात बाहेरून आलेल्या खेळाडूंना एकेक घर नेमून देतात. रविवारचं दुपारचं जेवण त्या घरी. आमच्याकडे तीन वर्षं लाव्हेल येत होता, लुइझियानाचा. दारातून आत यायला त्याला थोडं वाकावं लागायचं. सगळे त्याला चौऱ्याहत्तरच म्हणायचे, कारण तो आकडा त्याच्या पाठीवर होता. मीसुद्धा म्हणायचे. पहाटेच्या जपमाळेत मी टीममधल्या प्रत्येक मुलासाठी एक मणी मोजते, तोही आकड्यानंच. नऊ ऑगस्टला दुपारी तो पडला. हॉस्पिटलातून सुटल्यावर त्याची आई येऊन त्याला घरी घेऊन गेली. त्यानंतर चर्चच्या पत्रकात आजाऱ्यांच्या यादीत दर रविवारी शेवटची ओळ छापून येत होती, 'आणि आमचा चौऱ्याहत्तर.'

"मार्सेला, हात पूस आणि इकडे ये," ब्लांचनं हाक मारली.

ब्लांच पोस्पिशिल माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. माझ्या मुलीची धर्ममाता. तिनं टेबलाचा कोपरा पुसून त्यावर एक टाइप केलेला कागद ठेवला होता आणि तो उडू नये म्हणून साखरेचं भांडं.

"उद्या दहाला कॉलेजच्या विश्वस्तांची बैठक आहे. कोचला परत घ्यायचं की नाही, ते उद्याच ठरणार. जेवण घालणाऱ्या आम्हा सहा घरांचं पत्र आहे. पाच सह्या झाल्यात. वाच."

चष्मा लावून मी वाचलं. मोठं नव्हतं. कोच रस्कनी गावासाठी काय काय केलं ते होतं, आणि मधोमध एक वाक्य: 'गेल्या अकरा वर्षांत आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाही मुलाने कोचविरुद्ध तक्रारीचा एक शब्दही उच्चारलेला नाही.'

खाली पाच सह्या होत्या. सहावी ओळ रिकामी, तिच्याखाली माझं नाव.

"तुझीच सही महत्त्वाची," ब्लांच म्हणाली. "तो तुझ्या घरी जेवायचा. तू म्हणालीस की तो कधी काही बोलला नाही, तर विषयच संपला. मग त्या अहवालात त्यानं जे सांगितलंय ते नंतर कोणी वकिलानं शिकवलेलं, असंच ठरेल."

"तो खोटारडा ठरेल," रीटा मागून म्हणाली.

"मी तसं कुठे म्हटलं? पोरगा आहे. घाबरला, आई घाबरली. माणसं नाही का बोलून जात?"

मी कोचचा विचार केला. लेनचं, माझ्या नवऱ्याचं, हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा कोच रस्क रात्रभर माझ्याशेजारी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मी जपमाळ म्हणत होते आणि तो उत्तरं देत होता, चुकत होता, पुन्हा म्हणत होता. त्या हिवाळ्यात आमच्या अंगणातला बर्फ त्यानं टीमला आणून काढला. चर्चमध्ये तो तिसऱ्या बाकावर बसतो. आज तो बाक रिकामा होता आणि कोणी तिथे सरकून बसलंही नाही.

आणि मग मी त्या वाक्यात खोटं शोधलं. मला खोटं चालत नाही, हे ब्लांचला माहीत आहे, म्हणून तिनं ते वाक्य नीट बेतून लिहिलं होतं. शब्दन् शब्द खरा होता. लाव्हेलनं कधी तक्रार केली नाही. बटाटे संपले तरी नाही. "हो मॅम, नाही मॅम, फार छान झालंय मॅम." तीन वर्षं एवढंच.

"पेन देऊ?" ब्लांच म्हणाली.

पेन मी घेतलं. पण माझ्या डोळ्यासमोर आमचा पाण्याचा जग आला.

जाड काचेचा, निळ्या पट्ट्याचा, माझ्या आईचा जग. रविवारी मी तो भरून टेबलाच्या मध्यभागी ठेवते. रविवारी सकाळी कोच मुलांना आदल्या दिवशीच्या चुकांसाठी पळवायचा, आणि लाव्हेल तिथून थेट आमच्याकडे यायचा. आल्याआल्या तो आधी त्या जगाकडे बघायचा. आमच्याकडे नाही, भाजलेल्या बदकाकडेही नाही. पहिल्याच वर्षी, सप्टेंबरात, खुर्चीवर बसायच्या आधीच त्यानं जगाकडे हात नेला. तेव्हा लेन हसत म्हणाला, "काय रे, कमावलंस का?"

आम्ही सगळे हसलो. माझी मुलगी आणि जावई आले होते, तेही हसले. लाव्हेलही हसला, आणि त्यानं हात मागे घेतला. मी म्हटलं, "आधी प्रार्थना, बाळ. मग पाणी." आणि हात जोडले.

आमच्या घरची प्रार्थना लांब असते. अन्नाचे आभार, मग आजारी माणसं, मग गेलेली. माझ्या आईपासून सुरू होते आणि दरवर्षी एखाद-दुसरं नाव वाढतं. कोणी घाई केलेली मला आवडत नाही, माझा तो नेम आहे. त्या तीन वर्षांत दर रविवारी तो मुलगा मान खाली घालून सगळी नावं संपेपर्यंत थांबायचा. हात मांडीवर, एकमेकांत घट्ट. त्याचं मन प्रार्थनेत किती रमतं, असं मला वाटायचं. आमेन झालं की तो तीन ग्लास लागोपाठ प्यायचा. मग मी जग पुन्हा भरून आणायचे. याच हॉलमध्ये, याच टेबलाशी मी ते सांगितलं होतं, "आमचा चौऱ्याहत्तर उंटासारखा पाणी पितो." आणि ब्लांच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

"मार्सेला?"

"थांब जरा," मी म्हटलं.

आणखी एक होतं. माझा शनिवारचा नेम. मॅचच्या दिवशी पहिली शिट्टी होईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेत नाही. कोणाला दुखापत होऊ नये म्हणून मी ती तहान देवाला वाहते. एकदा जेवताना मी हे लाव्हेलला सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं, आता कबूल करते. तुझ्यासाठीसुद्धा करते हो, असं म्हटलं. त्यानं काटा खाली ठेवला आणि विचारलं, "आणि मध्येच प्यावंसं वाटलं तर तुम्हाला पिता येतं ना, मॅम?"

"येतं की. पण मी पीत नाही," मी म्हटलं होतं.

"हो मॅम," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

पेनाचं टोपण मी परत लावलं. ब्लांचनं ते बघितलं.

"मला यावर सही नाही करता येणार," मी म्हणाले.

माझा आवाज मुळातच बारीक. चर्चमध्ये वाचन करायला मला कोणी सांगत नाही. टेबलाच्या त्या टोकाहून मिलोनं विचारलं, "काय म्हणाली ती?"

"सही नाही करणार म्हणते," ब्लांचनं सांगितलं.

"का?"

"मोठ्यानं बोल, मार्सेला," कोणीतरी म्हणालं. हॉलमधली कुजबुज कमी झाली. आयुष्यात इतक्या लोकांपुढे मी कधी बोलले नव्हते. बोलायची इच्छाही नव्हती. घरी जाऊन पाय वर करून पडावं, एवढंच वाटत होतं.

"तो आमच्याकडे यायचा ना," मी म्हटलं, "तेव्हा फार तहानलेला असायचा. दर रविवारी."

"बस? एवढंच?" मिलो म्हणाला. "अगं, दीडशे किलोचं पोर आहे. पाणी पिणारच. माझा बैलसुद्धा पितो."

"तहानलेला असायचा," मी पुन्हा म्हटलं, "आणि मी त्याला थांबवायचे."

ब्लांचनं माझ्या हातावर हात ठेवला. ती रागावली नव्हती, निदान अजून नव्हती. एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "हे बघ. सरळ सांग. त्यानं तक्रार केली का कधी? हो की नाही?"

"नाही."

"मग वाक्य खरं आहे."

"खरं आहे. पण मीही त्याला कधी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं," लेन म्हणाला.

तो दाराजवळ खुर्च्या रचत होता, दर रविवारी रचतो तशा. लेन एकतीस वर्षं मॅचमध्ये मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी धरतो. चेंडू पुरेसा पुढे गेला की नाही, ते त्या साखळीवर ठरतं. एका इंचासाठी लोक त्याला शिव्या देतात आणि तो कोणाला उत्तर देत नाही. चार दिवस त्यानं घरीही या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. मला वाटलं होतं, तो कोचच्या बाजूचा आहे.

"काय विचारलंस?" मिलो म्हणाला.

"कमावलंस का, म्हणून विचारलं. त्यानं हात पुढे केला होता. माझ्या घरी, माझ्या टेबलावर." लेननं हातातली खुर्ची ढिगावर ठेवली. "त्यानं हात मागे घेतला. मला वाटलं, मस्करी कळली त्याला."

कोपऱ्यातल्या एका म्हातारबाबांना ऐकू कमी येतं. त्यांनी रिकामा कप वर केला आणि मिलो सवयीनं किटली तिरकी करत म्हणाला, "कमा..." आणि तिथेच थांबला. कप तसाच हवेत, किटली तशीच तिरकी. मग त्यानं मुकाट्यानं कॉफी ओतली. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे आता आम्ही सगळेच गुन्हेगार," तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. "अकरा वर्षं. एक साधा विनोद होता."

"होता खरा," रीटा म्हणाली. तिचा आवाजही उतरला होता. "मीसुद्धा ओरडायचे, मिलो. सगळ्यांबरोबर. नर्स असून."

ब्लांचनं साखरेचं भांडं बाजूला केलं आणि कागदाची घडी घातली. आधी अर्धी, मग पाव, नखानं दाबून. "पाच सह्यांवर पाठवते मी," ती म्हणाली. "सहाव्या घरानं सही का नाही केली, ते विचारतीलच. मग तुझं तू सांग. आणि चर्चच्या शनिवारच्या खाऊविक्रीला खसखशीच्या कोलाची दुसरं कोणी करेल. तू विश्रांती घे."

"ब्लांच..."

"विश्रांती घे, म्हटलं ना. थकलेली दिसतेस."

ती कोट घालून निघून गेली. तिच्यामागोमाग दहा-बारा जण गेले. काहींनी माझ्याकडे बघितलं, काहींनी मुद्दाम बघितलं नाही. एका बाईनं जाता जाता दोन जर्दाळूच्या कोलाची रुमालात बांधून घेतल्या. राग असला तरी कोलाची तिला आवडतात. मला तिच्यावर रागावताही आलं नाही.

मी टेबल पुसलं. तेच तेच दोनदा पुसलं. मग फादर कास्पारेकांकडे गेले आणि एक कोरा कागद मागितला. इतका वेळ ते किटल्या धुवायच्या नावाखाली नळापाशीच उभे होते. त्यांनी हात पुसले, कपाटातून कागद काढला आणि म्हणाले, "दोन घे. पहिला नेहमी खराब होतो."

स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या टेबलावर मी लिहायला बसले. 'विश्वस्त मंडळास. तीन वर्षे आमच्या घरी दर रविवारी चौऱ्याहत्तर क्रमांकाचा' इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. उद्या दहा वाजता ती सात माणसं हे वाचणार. त्यांच्याकडे त्याची जबानी असलेला अहवाल असेल, ब्लांचचं पत्र असेल आणि हे. आणि यात मी त्याला पुन्हा आकडाच लिहिणार होते. मी ते खोडलं. फादर म्हणाले तसा पहिला कागद खराब झाला.

दुसऱ्यावर लिहिलं, 'आमच्या घरी दर रविवारी लाव्हेल'. आणि पुढे आडनाव आलं तेव्हा माझा हात अडला. पिकेट. उच्चार माहीत होता. पण तीन वर्षांत मी ते एकदाही लिहिलं नव्हतं. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा आकडाच काढला होता, मोठा, रंगवून.

लेन आत आला. खुर्च्या रचून झाल्या होत्या. तो माझ्या खांद्यामागे उभा राहिला आणि खोडलेला कागद, मग दुसरा कागद वाचू लागला. वाचायला तो वेळ लावतो.

"पिकेट कसं लिहायचं रे?" मी विचारलं. "शेवटी एक टी की दोन?"

"दोन."

"नक्की?"

"हॉस्पिटलात खोलीच्या दारावर लिहिलेलं होतं."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. ऑगस्टात मी दोनदा म्हटलं होतं, आपण जाऊन येऊ या. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, गर्दी नको त्यांना.

"तू गेला होतास?"

"दोनदा." त्यानं ओट्यावरचा ग्लास घेतला, नळाखाली धरला, भरला आणि माझ्यासमोर ठेवला. "आत नाही गेलो."

मी दोन टी लिहिले. मग पुढे लिहायला लागले.